हेवी मेटल वाद्यवृंदाची प्राथमिक घडण आणि अंबरनाथचा औद्योगिक पट्टा

अंबरनाथ हे नाव इतिहासाच्या अभ्यासकास प्रथम परिचित होते ते तेथील शिवालयामुळे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळच्या शिलालेखाने या गावाचे स्थान कोकणच्या इतिहासात निश्चित केले आहे. या देवालयाच्या शिल्पकलेविषयी विपुल लेखन झाले आहे. विसाव्या शतकातील अंबरनाथ मात्र पाषाणाचे नव्हे, धातूचे गाव आहे. १९२० च्या दशकात विम्को कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना तेथे उभा राहिला. पुढे संरक्षण खात्याचा, पितळ व अन्य अलोह धातूंचे ओतकाम आणि लाटकाम करणारा कारखाना आला. १९५३ मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी स्थापन झाली. आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर बारवी धरणाच्या पाण्यावर अंबरनाथ-बदलापूर परिसरातील औद्योगिक वसाहती वाढल्या. संरक्षण खात्याचे उपरोक्त दोन्ही कारखाने २०२१ पासून अनुक्रमे यंत्र इंडिया व आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपन्यांच्या अखत्यारीत आले आहेत. धातू वितळविणे, लाटणे, कापणे, दाबणे आणि कातणे ही कामे या गावाच्या तीन पिढ्यांनी केली आहेत.

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या इतिहासात 'हेवी मेटल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराचा उगम सांगताना नेमक्या अशाच गावाचा दाखला दिला जातो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहर धातुकामाचे; तेथील कारखान्यांच्या घणांचा नाद गिटारमध्ये उतरला आणि हे संगीत जन्मास आले, अशी ही उपपत्ती होय. ती आकर्षक आहे आणि वारंवार सांगितली गेल्यामुळे प्रमाणभूत मानली जाऊ लागली आहे. परंतु कारणमीमांसेची कसोटी तिला लावावयाची तर एक साधा प्रश्न उपस्थित होतो. धातूच्या कारखान्यांचा आवाज हेच पुरेसे कारण असेल, तर मुंबई परिसरातील हेवी मेटलचा प्रारंभ कारखान्यांच्या वस्तीत व्हावयास हवा होता. तो महाविद्यालयांच्या परिसरात आणि मध्यमवर्गीय घरांत का झाला? बर्मिंगहॅम, मुंबई आणि अंबरनाथ या तीन स्थळांची तुलना करून या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. हेवी मेटल या संगीतात विद्युत गिटारचा ध्वनी ध्वनिवर्धकाच्या साहाय्याने हेतुतः जाड व खरखरीत केलेला असतो. खर्जाकडे झुकणारे एक लहान स्वरवाक्य, ज्यास 'रिफ' म्हणतात, पुनःपुन्हा वाजविले जाते. ड्रमचा आघात भारी असतो. आणि गायनाचा विषय बहुधा भय, युद्ध, मृत्यू वा एकाकीपणा हा असतो. ध्वनीचे प्रचंड आकारमान हे येथे अलंकरण नसून रचनेचे अंगच आहे. या प्रकाराचा आद्य वाद्यवृंद कोणता, याविषयी मतभेद असले तरी १९६८-६९ मध्ये बर्मिंगहॅमच्या अॅस्टन या कामगारवस्तीत घडलेला 'ब्लॅक सॅबथ' हा त्या मानाचा प्रमुख अधिकारी होय, याविषयी बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे.

१. अॅस्टनची चार मुले

टोनी आयोमी (गिटार), बिल वॉर्ड (ड्रम), गीझर बटलर (बेस गिटार) आणि ऑझी ऑझबोर्न (गायन) हे चौघेही १९४८ व १९४९ या दोन वर्षांत जन्मलेले आणि अॅस्टन परिसरातच वाढलेले होते. दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या जागा त्यांच्या बालपणी तेथे अद्याप मोकळ्या पडलेल्या होत्या. ऑझबोर्नचे वडील हत्यारे बनविणारे कारागीर होते, तर आई ल्यूकस कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांच्या कामावर होती. पंधराव्या वर्षी शाळा सोडून त्याने बांधकामावरील मजुरी, नळकामाची उमेदवारी, मोटारींचे भोंगे जुळविण्याचे काम, खाटिकखान्यातील नोकरी असे अनेक व्यवसाय केले. घरफोडीच्या आरोपावरून त्यास काही आठवडे विन्सन ग्रीनच्या तुरुंगातही काढावे लागले. आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यात वेल्डरचे काम करी.

येथवरचा वृत्तान्त पूर्वोक्त उपपत्तीस पोषक आहे. वाद्यवृंदातील सदस्यांनी स्वतःही पुढील काळात कारखान्यांच्या आवाजाचा उल्लेख आपल्या संगीताच्या संदर्भात केला आहे. तथापि त्याच आवाजात बर्मिंगहॅमची हजारो मुले वाढली. त्यांपैकी बहुसंख्य मुलांनी कोणतेही वाद्य हाती धरले नाही. आवाज ही पार्श्वभूमी झाली. पार्श्वभूमीपासून घटनेपर्यंतचा मार्ग कोणत्या टप्प्यांनी गेला, हे पाहणे हे इतिहासाचे काम आहे.

२. दोन बोटे आणि एक हत्यार

आयोमी सतरा वर्षांचा असताना त्याने संगीताच्या व्यवसायासाठी कारखान्याची नोकरी सोडण्याचे ठरविले होते. नोकरीच्या अखेरच्या दिवशी दुपारी जेवणासाठी तो घरी आला, तेव्हा परत जाण्याची त्याची इच्छा नव्हती. घेतलेले काम पुरे करावे, या आईच्या आग्रहास्तव तो गेला. त्या दिवशी एक कामगार स्त्री गैरहजर असल्यामुळे त्यास सवय नसलेल्या दाबयंत्रावर उभे करण्यात आले. यंत्राखाली उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे व अनामिकेचे अग्र गेले. आयोमी डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचे काम त्याचा उजवा हातच करीत असे. म्हणजे गमावलेली बोटे वादनास अत्यावश्यक असलेलीच होती.

कारखान्यातील एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकविली. १९२८ मध्ये आगीत डाव्या हाताची दोन बोटे जायबंदी झाल्यावरही राइनहार्टने गिटारवादनाची स्वतंत्र पद्धती निर्माण केली होती. या उदाहरणाने आयोमीस उमेद दिली. परंतु उमेदीने तारा दाबल्या जात नाहीत. त्याने प्लास्टिकची एक बाटली वितळवून तिच्या दोन टोप्या बनविल्या, त्या बोटांच्या आकारास येईपर्यंत घासल्या आणि तारेवरून घसरू नयेत म्हणून त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटविले. जाड तारा दाबताना वेदना होत. हलक्या तारांचे संच तेव्हा सहज मिळत नसल्याने त्याने बँजोच्या तारा गिटारवर चढवून पाहिल्या. काही वर्षांनी, १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' या तिसऱ्या संग्रहातील काही रचनांत, त्याने गिटारच्या तारा तीन अर्धस्वरांनी खाली उतरविल्या. ताण कमी झाला, नाद अधिक खर्जातला झाला, आणि पुढील पिढ्यांनी हेवी मेटलचे एक लक्षण म्हणून तो स्वीकारला.

या प्रसंगाचे दोन अर्थ लावले जातात. अपघातामुळे हे संगीत जन्मास आले, हा पहिला. तो कालक्रमाशी जुळत नाही. कारण पहिले दोन संग्रह उतरविलेल्या तारांवर वाजविलेले नाहीत आणि तरीही त्यांतील नाद भारी आहे. दुसरा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. कारखान्याने आयोमीला आवाज दिला की नाही, हे वादग्रस्त असले तरी कारागिराची एक सवय त्याच्या ठायी होती, हे निर्विवाद आहे: बाजारात जे हत्यार मिळत नाही ते स्वतः घडवावे, चालवून पाहावे, पुन्हा घासावे. त्या टोप्या, त्या तारा आणि तो उतरविलेला स्वर ही टूलरूममधील कामाची पद्धती होय. बर्मिंगहॅममध्ये या पद्धतीस बाहेरचाही आधार मिळाला. लिंडन लेनी या स्थानिक संगीतकाराने १९६७ मध्ये तेथेच ध्वनिवर्धक बनविण्यास आरंभ केला, आणि आयोमी हा त्याच्या प्रारंभीच्या वापरकर्त्यांपैकी एक होता. जॉन बर्च हा गिटार घडविणारा कारागीरही त्याच शहरात काम करी. वादक, यंत्र आणि कारागीर एकाच गावात होते.

३. ध्वनियंत्रणा, तालमीची जागा, रंगमंच

वाद्यवृंदाच्या जुळणीचा वृत्तान्तही असाच बोलका आहे. आयोमी व वॉर्ड हे 'मिथॉलॉजी' नावाच्या वाद्यवृंदात होते. तो १९६८ च्या उन्हाळ्यात मोडला. ऑझबोर्न आणि बटलर हे 'रेअर ब्रीड' या वाद्यवृंदात एकत्र आले होते. आपण गायक असून आपल्याजवळ स्वतःची ध्वनियंत्रणा आहे, अशी जाहिरात ऑझबोर्नने वाद्यांच्या एका दुकानात लावली होती. ती यंत्रणा त्याच्या वडिलांनी कर्जाऊ पैशांतून घेऊन दिली होती. गायकाच्या कंठाइतकेच त्याच्या मालकीच्या यंत्रणेला महत्त्व होते, ही बाब या संगीताचा अर्थव्यवहार समजण्यास उपयुक्त आहे. प्रारंभी सॅक्सोफोन व आणखी एक गिटार यांसह सहा जणांचा मेळ होता. अल्पावधीत तो चौघांचा झाला आणि त्याने 'अर्थ' हे नाव धारण केले.

डिसेंबर १९६८ मध्ये आयोमी काही काळ 'जेथ्रो टल' या प्रतिष्ठित वाद्यवृंदात गेला होता. तेथून तो परतला तो एक निरीक्षण घेऊन: यशस्वी वाद्यवृंद सकाळी ठरलेल्या वेळी तालमीस बसतात. त्यानंतर अॅस्टनमधील न्यूटाउन सामुदायिक केंद्रात या चौघांच्या सकाळच्या तालमी नियमाने होऊ लागल्या. कारखान्यातून सुटू पाहणाऱ्या मुलांनी कारखान्याची वेळ पाळण्याची शिस्त आपण होऊन पत्करली. शहरातील स्टेशन स्ट्रीटवरच्या क्राउन या मद्यालयाच्या माडीवर जिम सिंप्सन हा ब्लूजचे कार्यक्रम घडवून आणी; त्याने या वाद्यवृंदाचे व्यवस्थापन स्वीकारले. हँबुर्गच्या स्टार क्लबमध्ये दिवसातून अनेक वेळा वाजविण्याच्या करारांनी त्यांचा हात बसला. त्याच नावाचा दुसरा वाद्यवृंद असल्यामुळे १९६९ मध्ये नाव बदलले आणि एका भयपटाच्या शीर्षकावरून 'ब्लॅक सॅबथ' हे नाव आले. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनमध्ये एका दिवसात पहिल्या संग्रहाचे ध्वनिमुद्रण झाले. १३ फेब्रुवारी १९७० रोजी तो प्रसिद्ध झाला.

त्याच नावाच्या पहिल्या रचनेतील मुख्य स्वरवाक्य मराठी वाचकास परिचित भाषेत सांगता येते. षड्ज, वरचा षड्ज आणि त्यांच्या नेमके मध्यावर असणारा तीव्र मध्यम एवढेच तीन स्वर त्यात आहेत. युरोपीय परंपरेने षड्ज-तीव्र मध्यम या अंतरास दीर्घकाळ अशुभ व विसंवादी मानले; आपल्याकडे कल्याण थाटाचा तो नित्याचा स्वर आहे. तेव्हा भय हे त्या स्वरात नव्हे, तर तो स्वर ज्या मंद गतीने, ज्या आकारमानाने आणि ज्या सांस्कृतिक स्मृतीसमोर वाजविला गेला तिच्यात आहे. हा मुद्दा लक्षात घेतल्यास नाद आणि परिस्थिती यांचा संबंध यांत्रिक नसतो, हे ध्यानी येते.

सारांश, अॅस्टनमध्ये पाच गोष्टी एकत्र आल्या: श्रमिक घरांतील मुले, हत्यार घडविण्याची सवय, हप्त्याने वा उसनवारीने का होईना पण मिळू शकणारी यंत्रसामग्री, तालमीसाठी सार्वजनिक जागा, आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावरचा रंगमंच. कारखान्याचा आवाज या यादीत सहावा येईल, पहिला नाही.

४. मुंबई: नाद आला, परिस्थिती आली नाही

मुंबईत विद्युत गिटारवर आधारलेले इंग्रजी संगीत १९६० च्या दशकापासून वाजविले जात होते. त्यातील जड नादाकडे झुकलेल्या आणि दीर्घकाळ टिकलेल्या वाद्यवृंदांत १९८४ मध्ये स्थापन झालेला 'रॉक मशीन' प्रमुख होय. महेश तिनईकर (गिटार), मार्क सेल्विन (बेस गिटार), मार्क मेनेझेस (ड्रम), झुबिन बलापोरिया (कीबोर्ड) आणि गायक म्हणून आलेला उदय बेनेगल ही त्याच्या प्रारंभीच्या काळाशी निगडित नावे. पाश्चात्त्य वाद्यवृंदांच्या रचना हुबेहूब वाजविणे येथून त्यांनी आरंभ केला. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा स्वतंत्र रचनांचा संग्रह काढला. १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' हे नाव घेतले आणि त्यासोबत भारतीय वाद्यांकडेही लक्ष वळविले. काटेकोर अर्थाने त्यांचे संगीत हार्ड रॉक या सदरात मोडते. परंतु मुंबईत हेवी मेटलसाठी श्रोता तयार करण्याचे श्रेय त्यांना द्यावे लागते.

१९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा वार्षिक उत्सव आणि धोबीतलावचे रंगभवन हे खुले नाट्यगृह यांची जोडी त्या श्रोत्याच्या स्मृतीत पक्की आहे. शहरातील अनेक तरुण वाद्यवृंदांनी मोठ्या समुदायासमोर पहिले वादन तेथे केले. सन २००० च्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रुग्णालये व शिक्षणसंस्था यांच्या भोवतालचा परिसर शांतता क्षेत्र ठरला, आणि अशा परिसरात असलेल्या रंगभवनातील संगीताचे पर्व संपुष्टात आले.

निर्विवादपणे हेवी मेटल म्हणता येईल असा, जगभर परिचित झालेला मुंबईचा वाद्यवृंद म्हणजे साहिल मखिजा याने २००० मध्ये स्थापन केलेला 'डेमॉनिक रिझरेक्शन'. त्याच वर्षी त्यांचा पहिला संग्रह स्वखर्चाने निघाला. २००५ मध्ये 'अ डार्कनेस डिसेंड्स' आणि २०१० मध्ये 'द रिटर्न टु डार्कनेस' हे संग्रह आले. २०१७ च्या 'दशावतार' या संग्रहात विष्णूच्या दहा अवतारांवर रचना आहेत. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, मखिजाने वाद्यवृंदाबरोबरच स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली आणि उत्सवही भरविले. बर्मिंगहॅममध्ये ज्या संस्था आयत्या उपलब्ध होत्या त्या येथे वादकालाच उभाराव्या लागल्या. २००३ मध्ये स्थापन झालेल्या 'भयानक मौत' या वाद्यवृंदाने नाव हिंदीतून घेतले, गीते बहुतांशी इंग्रजीत ठेवली.

या सर्व वाद्यवृंदांच्या घडणीत काही समान विशेष दिसतात. संगीताचा प्रथम परिचय ध्वनिमुद्रिका, कॅसेट आणि पुढे संगणकाचे जाळे यांच्याद्वारे झाला. गायनाची भाषा इंग्रजी राहिली. आणि परदेशी वाद्ये व ध्वनिवर्धक यांवर १९९१ पर्यंत आयातीची कडक बंधने असल्यामुळे ती ज्यांना परवडत किंवा नातेवाइकांकरवी मिळत, अशाच घरांतील मुलांना या संगीतात प्रवेश सुकर झाला. म्हणजे मुंबईत हेवी मेटलचा नाद आला. परंतु ज्या सामाजिक परिस्थितीतून तो नाद अॅस्टनमध्ये उमटला होता ती त्याच्यासोबत आली नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते. त्यामुळे या वादकांची निष्ठा वा त्यांचे कर्तृत्व उणे ठरत नाही. केवळ त्यांच्या संगीताची उत्पत्ती निराळ्या मार्गाने लावावी लागते, एवढाच याचा अर्थ.

५. अॅस्टनचा खरा प्रतिरूप: कलापथक

मग श्रमिकवस्तीतून स्वयंप्रेरणेने उभ्या राहिलेल्या वाद्यवृंदाचा मुंबईतील प्रतिरूप कोठे शोधावा? तो विद्युत गिटारच्या इतिहासात न शोधता शाहिरीच्या इतिहासात शोधावा लागेल. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९), अमर शेख (१९१६-१९६९) आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. वाटेगावहून मुंबईस आलेल्या अण्णा भाऊंनी गिरणीत मजुरी केली होती. चिरागनगरच्या झोपडवस्तीत त्यांचे वास्तव्य होते. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि कंठ एवढ्या सामग्रीवर हे पथक गिरणगावात, मैदानांत आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उभे राहिले.

कलापथक आणि ब्लॅक सॅबथ यांत संगीताचे साम्य शोधणे व्यर्थ होय. साम्य आहे ते घडणीचे. दोन्हीकडे श्रमिक वस्तीतील समवयस्कांचा छोटा मेळ आहे. परंपरेने मिळालेला एक प्रकार, तेथे ब्लूज आणि येथे तमाशा व पोवाडा, त्यांनी घेतला आणि आपल्या अनुभवास पेलेल असा वाकविला. अभिजनांच्या समीक्षेने दोघांनाही प्रारंभी कमी लेखले. भेदही तितकेच स्पष्ट आहेत. कलापथकाचे सामर्थ्य शब्दात व उद्दिष्टात होते, त्यामागे संघटित राजकीय चळवळ होती. ब्लॅक सॅबथच्या मागे पक्ष नव्हता. १९७० मधील 'वॉर पिग्ज' ही युद्धविरोधी रचना राजकीय असली तरी ती कोणत्याही मोर्चासाठी लिहिलेली नव्हती. आणि सर्वांत मोठा भेद वीजेचा. डफाला वीज, ध्वनिवर्धक वा बंद खोली लागत नाही. तो चाळीच्या अंगणात वाजतो.

या तुलनेवरून मुख्य निष्कर्ष निघतो. अॅस्टनमध्ये श्रमिक उगम आणि भारी नाद ही दोन अंगे एकाच वाद्यवृंदात एकवटली. मुंबई परिसरात ती विभागली गेली: श्रमिक उगम कलापथकाकडे राहिला, भारी नाद महाविद्यालयीन वाद्यवृंदांकडे गेला. दोहोंच्या मध्ये चाळीस वर्षांचे, भाषेचे आणि वर्गाचे अंतर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने कामगारांच्या सांस्कृतिक जीवनाचा कणाच मोडला. रॉक मशीनची स्थापना त्यानंतर दोन वर्षांनी, त्याच शहरात झाली.

६. अंबरनाथ: मधला प्रदेश

आता अंबरनाथकडे वळता येईल. वर सांगितलेल्या पाच घटकांची कसोटी या पट्ट्यास लावल्यास चित्र स्पष्ट होते. पहिले दोन घटक येथे भरपूर होते. श्रमिक घरे होती. आणि हत्यार घडविण्याचे कौशल्य तर असे होते की, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीचे कामच मुळी यंत्रे बनविणारी यंत्रे घडविण्याचे होते. अॅस्टनच्या कारागिराशी तुल्य असा कारागीर महाराष्ट्रात शोधावयाचा तर तो अंबरनाथच्या टूलरूममध्ये सापडेल.

तिसरा घटक, यंत्रसामग्री. तिची वाट पूर्वोक्त आयातबंधनांनी अडविली होती. विद्युत गिटार या पट्ट्यास अपरिचित नव्हती. चित्रपटगीते सादर करणाऱ्या ऑर्केस्ट्रांतून ती गणेशोत्सवाच्या मांडवापर्यंत आली होती. परंतु तेथे वादकाकडून अपेक्षा असे ती मूळ गीताशी तंतोतंत साम्याची. वाद्य हाती होते. ते मोडूनतोडून नवा नाद काढण्यास मात्र ना बिदागी होती ना श्रोता.

चौथा घटक, जागा. शेजारचे उल्हासनगर हे महायुद्धकाळातील कल्याण लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसविलेले गाव. १९४९ मध्ये त्यास हे नाव मिळाले. एका बराकीत अनेक कुटुंबे आडोसे घालून राहिली. अंबरनाथ व बदलापूर येथील चाळींची स्थिती फारशी निराळी नव्हती. कानठळ्या बसविणाऱ्या वाद्यवृंदाची तालीम अशा घरांत होणे अशक्यच. कामगारांच्या सार्वजनिक जागा होत्या. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियमान्वये उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण मंडळाने राज्यभर केंद्रे चालविली आणि त्यांतून नाट्यस्पर्धा व भजनस्पर्धा भरविल्या. या कार्याचे मोल मोठे आहे; कामगार रंगभूमीला त्याने नट दिले. मात्र संस्था ज्या कलाप्रकारास स्पर्धा, परीक्षक आणि पारितोषिक देते, तो प्रकार वाढतो. न्यूटाउनच्या सामुदायिक केंद्राने चार मुलांना खोली दिली. त्यांनी तीत काय वाजवावे हे ठरविले नाही.

पाचवा घटक, रंगमंच. अंबरनाथ मध्य रेल्वेवर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६० किलोमीटर आहे. धोबीतलावचे रंगभवन त्या टर्मिनसपासून पायी जाण्याच्या अंतरावर. म्हणजे या पट्ट्यातील तरुणास लोकलने एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत जावयाचे आणि कार्यक्रम संपताच परतीची गाडी गाठावयाची. गिटार पाठीवर घेऊन हा प्रवास करता येतो. ड्रमचा संच आणि ध्वनिवर्धक घेऊन करता येत नाही. अॅस्टनहून बर्मिंगहॅमचे मध्यवर्ती स्थानक सुमारे चार किलोमीटरांवर आहे. सांस्कृतिक इतिहासात अशा अंतरांची नोंद क्वचितच होते. परंतु कोणाचा वाद्यवृंद उभा राहणार आणि कोणाचा नाही, याचा निर्णय पुष्कळदा तीच करतात.

७. उपसंहार

कारखान्याचा आवाज म्हणजेच हेवी मेटल, ही उपपत्ती या तुलनेत टिकत नाही. संगीत आवाजातून आपोआप निपजत नाही. हात, हत्यार, खोली आणि रंगमंच यांच्या साखळीतून ते घडते, आणि साखळीतील एक कडी निखळली तरी उरलेल्या कड्या दुसरीकडे जोडल्या जातात. मुंबईत त्या दोन निराळ्या ठिकाणी जोडल्या गेल्या. यास्तव महाराष्ट्रातील लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिताना ध्वनिमुद्रिकांच्या याद्यांबरोबर वाद्यांच्या किमती, तालमीच्या जागा, रेल्वेची अंतरे आणि कामगार केंद्रांची स्पर्धापत्रके हीसुद्धा साधने मानली पाहिजेत. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील निवृत्त कामगारांच्या मौखिक वृत्तान्तांचे संकलन हे त्यातील निकडीचे काम होय. पहिल्या पिढीतील माणसे आता वृद्ध झाली आहेत.

आणखी एका साधनाचा निर्देश करणे उचित ठरेल. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यास जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत अवयवांच्या हानीचे प्रमाण टक्क्यांत दिले होते: मधल्या बोटाचे एक पेर गेल्यास कमाईच्या क्षमतेत ७ टक्के घट, अनामिकेचे एक पेर गेल्यास ५ टक्के. दाबयंत्रावर काम करणाऱ्या अंबरनाथच्या कामगारास हे कोष्टक अपरिचित नव्हते. नुकसानभरपाईसाठी असे कोष्टक आवश्यकच असते. परंतु ते बोटाचा हिशेब मजुरीच्या संदर्भातच करते. त्या बोटाने मजुरीबाहेर काय केले असते, यासाठी त्यात रकाना नाही. अॅस्टनच्या एका तरुणाने तो रकाना वितळलेल्या प्लास्टिकने स्वतः भरला, आणि त्यास खोली व रंगमंच मिळाल्यामुळे जगाला त्याची वार्ता कळली. ५ जुलै २०२५ रोजी, स्थापनेनंतर सत्तावन्न वर्षांनी, त्या चौघांनी अॅस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर शेवटचे वादन केले. २२ जुलै रोजी ऑझबोर्नचे निधन झाले. ज्या कामगारांची बोटे गेली आणि ज्यांना ती खोली मिळाली नाही, त्यांच्या संध्याकाळी कशा गेल्या, हा अंबरनाथच्या इतिहासाचा प्रश्न आहे, आणि तो देवालयाच्या शिलालेखाइतकाच संशोधनास पात्र आहे.